रोस्विटाने आमंत्रण खरं मानलं

आमच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात लोक शब्द जपूनच वापरतात, पण रोस्विटा मोझर त्यातही चिक्कू. बोललं की करायचं, करायचं नसेल तर तोंड उघडायचं नाही, असा तिचा सरळ हिशेब. "बघू हं", "जमलं तर येते" असलं तिच्याकडे चालत नसे. नवरा आलोइस चारचौघांत सांगायचा, "लग्नाला हो म्हणायला हिनं दोन हिवाळे लावले. पण एकदा म्हणाली ती म्हणाली!"

आलोइस गेला. मुलगा व्हिएन्नाला असतो. नाताळात कुठल्या गाडीने येणार आणि कुठल्या गाडीने परतणार, हे तो दिवाळखोराला नोटीस द्यावी तसं आधीच कळवून टाकतो. मग उरलं काय, तर चार खोल्यांचं पाहुणेघर आणि कुंपणापलीकडची नोटबुर्गा.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. कुंपणावर रेलून त्यांनी गवताची कापणी, बर्फ, पाद्रीबुवांचा खोकला, सगळं सगळं बोलून घेतलं होतं. पण एकमेकींच्या स्वयंपाकघरात? छे! भांडण नव्हतं हो. आमच्याकडे कुणाला कॉफीला बोलावणं म्हणजे खायचं काम नाही. दिवस ठरवा, वेळ सांगा, चांगले कप काढा, केक करा. मग समोरचीनेही तसंच सगळं करून परत बोलवायचं. आपण उगाच कशाला दुसरीच्या डोक्यावर ओझं टाकायचं, असं दोघींनाही वाटायचं. त्यात केस पांढरे झाले.

आणि एका उन्हाळ्यात डार्लीन आणि तिचा नवरा वेंडेल आले, थेट अमेरिकेतल्या नेब्रास्काहून.

पहिल्याच संध्याकाळी वेंडेलने बर्फ मागितला. रोस्विटा धावत गेली, बर्फ फडक्यात बांधून आणला आणि विचारलं, "कुठे मुरगळलं?" त्याला तो पाण्यात घालून प्यायचा होता! रोस्विटाने पेला पुढे केला खरा, पण रात्री या माणसाचा घसा धरणार म्हणून ओव्याच्या चहाचं आधण तयार ठेवलं. सकाळी ती नेहमीप्रमाणे सगळ्या खिडक्या सताड उघडायची, वेंडेल मागोमाग जाऊन एकेक लावायचा. डार्लीनची तऱ्हा वेगळीच. ओळख नाही पाळख नाही, "रोझी, रोझी" म्हणत ती स्वयंपाकघरात शिरली आणि बटाटे सोलता सोलता स्वतःच्या गुडघ्यापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. आमच्याकडे एवढं माणूस पाद्रीबुवांनाही सांगत नाही.

रोस्विटाला आधी संकोच वाटला. मग बरं वाटलं. मग फारच बरं वाटलं. त्या टेबलाशी आलोइसनंतर कुणी असं बसलं नव्हतं.

निघताना डार्लीनने तिला घट्ट मिठी मारली, मग तिचा हात हातात घेतला. "रोझी, तू आता आमच्या घरचीच! नोव्हेंबरात आमचा थँक्सगिव्हिंगचा सण असतो, टर्की करतो आम्ही. यायचंच हं तू! कबूल?"

रोस्विटा थोडी थांबली. विचार केला. मग गंभीरपणे म्हणाली, "कबूल. येईन."

"वा वा, मस्तच!" म्हणत डार्लीन गाडीत बसली, हात हलवत गेली.

नोटबुर्गाला हे कळलं तेव्हा ती कुंपणावरून पडायचीच बाकी राहिली.

"अगं वेडे, ती माणसं उचलली जीभ लावली टाळ्याला! माझा चुलतभाऊ राहिलाय ना तिकडे. ते 'कशा आहात' विचारतात आणि आपण सांगायला लागेपर्यंत पुढच्या गल्लीत गेलेले असतात. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!"

"माझा हात हातात घेऊन बोलली ती."

"ते काय, कुत्र्याचाही पंजा घेतात. जा, जा! दारातून परत पाठवतील, मग बस तोंड लपवून. हात दाखवून अवलक्षण!"

रोस्विटा कामाला लागली. पासपोर्ट काढला. सुक्या मेव्याचा विटेएवढा जाड, दगडाएवढा जड असा नाताळचा ब्रेड भाजला. डार्लीनला कार्ड टाकलं, सणाच्या आधीच्या मंगळवारी पोचते. उत्तर आलं नाही. ऑक्टोबर गेला, तरी नाही. नोटबुर्गाचं खरं असलं तर? गावात हसं होईल ते होईल. त्याहून वाईट म्हणजे, त्या टेबलाशी कुणी आपलं म्हणून बसलंच नव्हतं, असं ठरेल. पण "येईन" म्हणून झालं होतं. न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

नेब्रास्कातल्या त्या घराची घंटा तिने वाजवली तेव्हा संध्याकाळ होत होती. दार डार्लीननेच उघडलं. हसली. नेहमीचं मोठं, मोकळं हसू. पण डोळ्यांत ओळख नव्हती. कोण ही बाई, टोपी घालून, हातात पुडकं घेऊन?

रोस्विटाला ते दिसलं. ती मनात म्हणाली, जिंकलीस गं नोटबुर्गा.

"अय्या!" डार्लीन किंचाळली. "वेंडेल! अरे, डोंगरातली रोझी! ती आलीय! खरंच आलीय!" आणि तिने रोस्विटाला पुडक्यासकट आत ओढलं. रोस्विटा बूट काढायला वाकली तर, "राहू दे गं बूट!" थेट स्वयंपाकघरात. कपाटाएवढा फ्रिज उघडून डार्लीन म्हणाली, "हे बघ. हवं ते घ्यायचं. विचारायचं नाही. विचारलंस तर मला राग येईल." फ्रिजच्या दारावर रोस्विटाचं कार्ड चिकटवलेलं होतं.

"मिळालं होतं तुला," रोस्विटा हळूच म्हणाली.

"मिळालं ना! मला वाटलं, प्रेमाने लिहितात तसं लिहिलंयस. येते म्हणजे खरंच येते, हे कुठे कळलं मला!" डार्लीन हसत होती, हसता हसता तिचे डोळे भरले. "रोझी, मी जन्मभर लोकांना ये म्हणत आलेय. बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात. मनापासून म्हणते गं, अगदी मनापासून. पण आजपर्यंत एक माणूस आलं असेल तर शपथ! तू पहिली."

रोस्विटाला बरंच काही बोलावंसं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मी येईन म्हटलं होतं."

सणाला घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारूवाला जावईही होता, बिचारा सोडा पीत. आयत्या वेळी कोपऱ्यावरचा एक म्हातारा एकटाच आहे म्हणून डोकावला. कुणी त्याला विचारलं नाही की कसे आलात, कधी ठरलं. खुर्ची सरकवली, ताट वाढलं. रोस्विटा ते बघतच राहिली. तिच्या ब्रेडवर वेंडेलने लोण्याऐवजी आइस्क्रीम थापलं, तेही तिने पोटात घातलं.

परत आली तेव्हा गावात गुडघाभर बर्फ होता. नोटबुर्गा फावडं घेऊन कुंपणाशी उभीच. बर्फ केव्हाच काढून झाला होता, पण बाई हलेल तर ना!

"काय गं? पाठवली ना परत?"

रोस्विटाच्या ओठांवर मोठी गोष्ट होती, नोटबुर्गाला चांगली गार करणारी. पण बाहेर पडलं ते भलतंच. "ये ना आत. कॉफी घेऊ."

नोटबुर्गाने फावडं टेकवलं. "कधी?"

"आत्ता."

"आत्ता? बुधवारी? अशी? अगं, अंगावर ॲप्रन आहे माझ्या. केक नाही केलेला."

"माझ्याकडेही नाही. चल."

नोटबुर्गाने उंबऱ्यात बूट काढले, ते मात्र काढावेच लागले, शेवटी टिरोल आहे हे. मोजे एका अंगठ्यावर फाटलेले होते, ते तिने दुसऱ्या पायाने झाकले. रोस्विटाने फ्रिज उघडला. "हवं ते घे. विचारायचं नाही."

"अमेरिकेला जाऊन बिघडलीस तू!" म्हणत नोटबुर्गाने एक लोणच्याची काकडी घेतली आणि खिडकीशी बसली. खिडकीतून तिचंच घर दिसत होतं. तिचं कुंपण, तिचं फावडं, तिचा स्वयंपाकघरातला दिवा. ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढं जवळ आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी तुला आवडत नाही."

रोस्विटाने जुने, कान तुटलेले कप काढले आणि कॉफी ओतली.