गॅस भरू, पण बोहनी झाल्यावर

पुसदच्या बाहेर, दिग्रस रोडला आमचा पेट्रोल पंप आहे. सासऱ्यांनी काढलेला, नवऱ्याने चालवलेला, आणि मुलं पुण्याला नोकरीला गेल्यावर माझ्या गळ्यात पडलेला. गळ्यात पडला असं मी म्हणते, पण खरं सांगायचं तर मला तिथं बसायला आवडतं. घरात बसून मालिका बघणाऱ्यांतली मी नाही. समोरचा रस्ता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्दांचं भांडण, यात माझा दिवस छान जातो.

गॅसचं, म्हणजे सीएनजीचं, खूळ माझं. नवऱ्याचं नाही, हे त्यांनी सगळ्या गावाला आधीच सांगून ठेवलं होतं. "आपल्या पंपावर हवा फुकट भेटते, अन् हे बाई आता हवा विकून राह्यली," असं ते चहाच्या टपरीवर सांगायचे आणि लोक हसायचे. मीही वरवर हसायचे. पण मुलीकडे पुण्याला गेले की तिथले रिक्षावाले गॅसवर गाड्या चालवताना बघायचे, आणि आमच्या स्टँडवरच्या जुन्या डिझेलच्या ऑटोंचा धूर आठवायचा. त्यांच्या मागे उभं राहिलं तर पदर काळा व्हायचा. पुण्याला जे होतं ते पुसदला का होऊ नये, या एका प्रश्नानं मी कंपनीचं डोकं खाल्लं आणि शेवटी यंत्र बसवून घेतलं.

आमच्याकडे पाइपलाइन नाही. गॅस येतो ट्रकवर. उंच लोखंडी सिलिंडरं दाटीवाटीनं बसवलेला ट्रक घाट चढून येतो, पंपाच्या आवारात उभा राहतो, यंत्राला जोडला जातो, आणि रिकामा झाला की परत भरायला निघून जातो. गॅस कंपनीचा साहेब, म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा, फार गोड बोलायचा. पण पहिल्याच भेटीत त्यानं एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "मॅडम, ट्रक अर्धा भरलेला परत न्यायचा तर आम्हाला परवडत नाही. दिवाळीपर्यंत बघू. नाही चाललं तर हा ट्रक दुसऱ्या गावाला लावावा लागेल."

म्हणजे गाड्या हव्यात. आणि गाडीवाले म्हणायचे, आधी गॅस टिकतो का ते बघू, मग गाडी घेऊ. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. कुणीतरी एकानं आधी उडी मारायला हवी होती.

ती मारली आमच्या मुलांना लहानपणी शाळेत नेणाऱ्या ऑटोवाल्यानं. आता त्याचेही केस पांढरे झालेत. फार न बोलणारा माणूस, पण गाडी अशी स्वच्छ ठेवायचा की चप्पल काढून बसावंसं वाटावं. त्याची जुनी डिझेलची गाडी शेवटच्या घटका मोजत होती. मी त्याच्यामागे लागले. गॅसनं स्फोट होत नाही, खर्च कमी येतो, आवाज नाही, धूर नाही, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताई, गाडी घेतल्यावर गॅस बंद त नाही होईन ना?"

"नाही होणार. माझा शब्द," मी म्हटलं.

शब्द देताना मी साहेबाचं बोलणं विसरले नव्हते. पण मला खात्री होती, आणि खात्री असली की माझी जीभ पुढे पळते. त्यानं जुनी गाडी मोडीत काढली, बायकोच्या नावावर कर्ज काढलं, आणि नवी हिरवी-पांढरी गॅसची गाडी आणली. पंपावर तिची पूजा झाली. त्याच्या बायकोनं गाडीला हळदकुंकू लावलं, मग मलाही लावलं. पहिल्याची गाडी बरी चालते हे बघून स्टँडवरच्या आणखी पंधरा-वीस जणांनी घेतल्या. गाडीत पेट्रोलची छोटी टाकी असते, पण ती गॅस संपला तर पंप गाठण्यापुरती. गॅसच बंद झाला तर त्या गाड्या नुसत्या धुऊन पुसून ठेवायच्या, एवढंच उरलं असतं.

मला वाटलं, जिंकले. आणि तिथंच माती खाल्ली.

रोज सकाळी दहा वाजता सगळे ऑटो एकदम पंपावर यायचे. पहाटे कोणी नाही, दुपारी कोणी नाही, संध्याकाळी एखाददुसरा. दहा वाजता मात्र रस्त्यापर्यंत रांग. आता या यंत्राचं असं आहे की ते ट्रकमधला गॅस दाबून पुढे देतं, आणि लागोपाठ गाड्या आल्या की दमतं. पहिल्या चार-पाच गाड्यांना पोटभर मिळतो, मागच्यांना अर्धाच. थोडा वेळ दिला की यंत्र पुन्हा ताजंतवानं होतं. पण वेळ कोण देणार? मागचे अर्ध्या टाकीवर चिडून जायचे. "काकू, कमी भरून राह्यल्या तुम्ही," असं एकानं तोंडावर म्हटलं. पेट्रोलमध्ये आयुष्यात कधी थेंबभर मापात मारलं नाही आम्ही, आणि हे ऐकून घ्यायचं? मी त्याला असं सुनावलं की शेजारच्या हॉटेलातला माणूस झारा हातात घेऊन बाहेर आला.

इकडे दुपारी यंत्र पूर्ण दमदार, आणि समोर कुत्रंसुद्धा नाही. ट्रक अर्धा भरलेला परत जायला लागला. साहेबाचा फोन गोडच असायचा, पण त्यात "दिवाळी" हा शब्द वारंवार यायला लागला.

मी सरळ स्टँडवर गेले. "अरे, सहा वाजता या, आरामात भरा, गर्दी नाही, टाकी फुल," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी अमावस्येला मुहूर्त धरायला सांगितला. "काकू, बोहनीच्या आधी?" एकजण म्हणाला. "बोहनी झाल्याबिगर गाडीत तेल टाकत असते का कोणी? धंदा बसते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसाची पहिली रोख कमाई हातात पडल्याशिवाय गाडीत इंधन टाकायचं नाही, हा स्टँडवरचा नियम. सकाळची शाळेची मुलं बोहनीत धरत नाहीत, कारण त्यांचे पैसे महिन्याचे. खरी बोहनी व्हायची ती तहसीलच्या आणि बाजाराच्या कामाला खेड्यांतून येणारी माणसं एसटीतून उतरली की. आणि त्या गाड्या साडेनऊच्या सुमाराला लागतात. म्हणून दहाला रांग.

मी वाद घातला. पुण्यात असं काही नसतं म्हटलं. "मग पुण्याले धंदा होते का?" एकानं विचारलं. मी तणतणत घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, अडाण्यांचा बाजार आहे नुसता. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अन् तू पंपावर पहिलं गिऱ्हाईक सुट्ट्यासाठी परत पाठवते का?" नाही पाठवत. सुटे नसले तर शेजारून मागून आणते, पण पहिल्या गिऱ्हाइकाला रिकामं जाऊ देत नाही. आमच्या सासऱ्यांचा दंडक आहे तो.

दुसऱ्या दिवशी पहिला ऑटोवाला एकटाच आला. "ताई, नियम काही मोडत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच आमची बोहनी करा न. सकायी गाडीत बसा."

"आणि जाऊ कुठं सकाळी सकाळी?"

"कुठंबी जा. देवळात जा, मंडीत जा. पैसे हातावर ठेवले म्हणजे झालं."

मला राग आला आणि हसूही आलं. पण दुसरा उपाय सुचत नव्हता. मी रोज उजाडताना ऑटोनं भाजीमंडीत जायला लागले. रोज वेगळ्याची गाडी. उतरताना भाडं हातावर ठेवायचं, तो ते कपाळाला लावायचा, आणि मला पंपावर सोडून तिथंच टाकी भरायचा. एकाची सोय झाली, पण बाकीच्यांचं काय? घरात वांगी मात्र इतकी साठली की नवरा म्हणाला, गॅस राहू दे, आता भाजीचं दुकान टाक.

मग नशिबानं गंमत केली. माझ्या बोहनीनंतर एका पोराला माहूरला जाऊन-येऊन देवदर्शनाचं मोठं भाडं मिळालं. संध्याकाळपर्यंत स्टँडभर झालं, काकूचा हात चांगला हाये. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं तर दारापुढं ऑटोंची रांग, थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. शेजारच्या वहिनी धावत आल्या, डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं आमच्या ह्यांचं काही बरंवाईट झालं. हे बाहेर येऊन त्यांना स्वतः भेटले तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला.

मी एकेकाच्या गाडीत क्षणभर बसून हातावर नाणं ठेवलं, आणि मग ते सगळे एकदम पंपावर. दहाची गर्दी सहाला आली, इतकाच फरक. मागच्यांना पुन्हा अर्धी टाकी. मी डोक्याला हात लावून बसले.

पण त्या सकाळी भांडता भांडता काहीतरी बदललं. पहिल्यांदाच त्यांनी यंत्र दमतं ते थांबून पाहिलं. दहाला प्रत्येकाला घाई असायची. सहाला कुणालाच नव्हती. शेवटचे दोघं चहा पिऊन सावकाश आले आणि त्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या. "म्हणजे काकू खोटं नव्हती बोलून राह्यली," असं एकजण म्हणाला. मला कमी भरते म्हणणारा तो हाच. मी त्याला त्या दिवशी माझ्या खर्चानं चहा पाजला आणि चार शब्दही सुनावले.

पुढचं त्यांनीच ठरवलं. स्टँडवर प्रवाशासाठी नंबर असतो, तसा गॅसलाही नंबर लावला. आणि पहाटेच्या बोहनीचा तिढा सोडवला तांड्यावर राहणाऱ्या एका ऑटोवाल्यानं. त्याच्या तांड्यावरच्या बाया रोज भल्या सकाळी मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर घेऊन मंडीत यायच्या. पहिल्या एसटीची वाट बघायची, कंडक्टर टोपल्यांवरून कुरकुर करणार, पोचेपर्यंत ऊन. "मी आणतो न त्यायले," तो म्हणाला. पहिल्या दिवशी दोन गाड्या गेल्या, मग आजूबाजूच्या गावांतूनही मागणी आली. डिझेलच्या खर्चात जी फेरी कुणालाच परवडली नसती, ती गॅसवर परवडायला लागली. बायांची भाजी ताजी पोचायला लागली, आणि ऑटोवाल्यांच्या बोहन्या उजाडायच्या आत व्हायला लागल्या. पहाटे काही गाड्या, दहाला काही, दुपारी काही. यंत्र दिवसभर संथपणे गुरगुरत राहायचं. तो आवाज मला इतका आवडायला लागला की नवरा म्हणाला, माझ्या घोरण्यावर तर तू उशी फेकते.

दिवाळीला आठवडा असताना साहेब आला. ट्रक दुपारीच रिकामा होऊन निघून गेला होता आणि दुसरा वाटेत होता. त्यानं बाहेरच उभं राहून वरिष्ठांना फोन लावला, आणि फोन ठेवून मला म्हणाला, "मॅडम, ट्रक इथंच राहील. आणि दुसऱ्या यंत्राची जागा बघून ठेवा."

मी पंपावर कुणाला काही न सांगता तशीच स्टँडवर गेले. पहिल्या ऑटोवाल्याला आधी सांगायचं होतं. तो दवाखान्याची सवारी घेऊन गेला होता. तांड्यावरचा तिथं होता. बातमी ऐकून तो म्हणाला, "त्याले लवकर सांगा काकू. नांदेडवाल्याले नाही म्हणू म्हणू थकला तो."

"कोण नांदेडवाला?"

तेव्हा कळलं. आषाढापासून नांदेडचा एकजण पहिल्या ऑटोवाल्याची गाडी विकत मागत होता. तिकडे गॅसची अडचण नाही. भाव चांगला देत होता, कर्ज पूर्ण फिटलं असतं. ट्रक अर्धा परत जात होता, मी फोनवर साहेबाच्या विनवण्या करत होते, त्या दिवसांत तो नांदेडवाला दर आठवड्याला फोन करायचा. आणि हा दर आठवड्याला नाही म्हणायचा.

तो आला तेव्हा मी आनंदाची बातमी सांगायची सोडून त्याच्यावर धावूनच गेले. "मला का नाही सांगितलं? गॅस बंद झाला असता तर काय केलं असतं तुम्ही?"

तो गाडीतून उतरला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "सांगतलं असतं त तुम्ही म्हटलं असतं, विकून टाका. मले तुमाले तसं म्हणू द्याचं नव्हतं."

खरं होतं. मी तेच म्हटलं असतं, आणि मला रात्रीची झोप लागावी म्हणून म्हटलं असतं.

"आता ह्या पोराईनं माह्याकडं पाहून गाड्या घेतल्या," तो हळूच म्हणाला. "पहिलं मीच विकली असती, त दुसऱ्या दिवशी स्टँडवर एक गाडी राह्यली नसती. मंग कितीबी ट्रक आणले असते तुम्ही, गॅस कोणाच्या गाडीत भरला असता?"

गावात आजही म्हणतात, काकूनं गॅस आणला. आणला असेल. त्या दिवशी मात्र मी भर स्टँडवर, सगळ्या पोरांसमोर, पदर डोळ्यांना लावून रडले, आणि कुणाला काय समजायचं ते समजू दिलं. त्याला ट्रक राहिल्याचं सांगायचं मी विसरलेच. ते तांड्यावरच्यानं सांगितलं.