आक्काबरोबर बारामतीस, पुढारीपण शिकायला

वरून कागद आला: सुइणींना बारामतीस एक दिवस पुढारीपणाचे शिक्षण मिळेल, सोबत घरचा पुरुष असावा.

माझी थोरली बहीण सखूआक्का शेळगावची सुईण. सोबत मी. माझे शिक्षण तिसरी, वय साठीपलीकडे, आणि घरी सुनेचे दिवस भरलेले. तिचे पहिले बाळ नवव्या दिवशी धनुर्वाताने गेले होते.

"आक्का, आपण तिकडं आन् पोरगी हितं अडली तर?"

"नाळ कशी कापायची ते नर्सबाई दावणार हाय. त्येच शिकाय चाललेय. दत्तू, बैल जुंप."

सडकेपर्यंत बैलगाडी, पुढे सर्व्हिस मोटार, माणशी चार आणे. मागच्या बाकावर बसू नये. कालव्याकडेची सगळी धूळ तोंडात जाते. भाकरी बांधून न्यावी. परतीची शेवटची मोटार तीनला. हे मी आक्काला सात वेळा सांगितले.

"आठव्यांदा बोललास तर उतरून चालत जाईन!"

दवाखान्यापुढे मांडव होता. सोबतच्या पुरुषांना खुर्च्या, सुइणींना मागे सतरंजी. अकराचे अध्यक्ष एकला आले. हारतुरे झाले. मग त्यांनी 'पुढाऱ्याने वेळ कशी पाळावी' हा विषय घेतला. नाळेचा धडा आभारानंतर होता. दोन वाजले.

आक्का उठली. "सायेब, नर्सबाई कुठं हाय?"

"मागच्या पडवीत. पण बाई, भाषण चालू आहे."

"चालू द्या की. आमी काय अडवतो व्हय?"

ती निघाली आणि तिच्यामागे सगळी सतरंजी रिकामी झाली. अध्यक्ष खुर्च्यांकडे वळले आणि 'लोक आपल्यामागे कसे आणावेत' हा भाग सांगू लागले. उठायचा धीर मला झाला नाही. शेवटपर्यंत बसल्याबद्दल पुढारीपणाचे दाखले आम्हा पुरुषांनाच मिळाले.

आक्का आली ती नखे कापून, हात घासून लाल करून. मोटार धावतच गाठली.

दिवेलागणीला घरी पोचलो तर सुनेला कळा लागलेल्या. मी उंबऱ्यातच उभा.

"दत्तू, बाजूला व्हय! चूल पेटव, कात्री उकळाय टाक. आन् हात घालू नगंस त्यात!"

सरपण ओले होते. खिशात दाखला सापडला. त्याने चूल छान पेटली.

नात झाली. नऊ दिवस मी तिचा श्वास मोजत बसलो. दहाव्या दिवशी तिने भुकेने घर डोक्यावर घेतले आणि मला बसल्याजागी झोप लागली.

असल्या शिक्षणाला कोणी बारामतीस जाणार असेल, तर मांडवात बसण्याआधी मागची पडवी विचारून घ्यावी.