मोंबासाच्या जावयाचं अर्धं कापड

ती केस आठवली की आजही आरोपीच्या आधी मला कापड दिसतं. पिवळंधमक, काळ्या काठाचं, थेट पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराहून आलेलं!

खबर दिली गुलमंडीतल्या एका कापड दुकानदारानं. कन्नड गावचं एक कुटुंब त्याच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. होणारा जावई मोंबासा बंदरावर साहेब. त्यानंच नवरीला भेट दिलेलं हे कापड त्यांनी सोबत आणलं होतं. शेजारी मोंबासाचीच एक विद्यार्थिनी खरेदी करत होती. तिनं कौतुकानं विचारलं, "याची जोडी कुठंय?"

"साहेब, याची म्हणं जोडी असती," दुकानदार कुजबुजला. "आन् एका कडंला कात्री चाललीय. लई गडबड हाय."

त्या मुलीला मी ठाण्यात चहाला बोलावलं. आधी घाबरली, मग मोडक्या हिंदीत खुलली. या कापडाला कांगा म्हणतात. दोन सारखे तुकडे सलग विकतात, एक कमरेला, एक खांद्यावर. शिडाच्या गलबतांच्या काळापासून कच्छचे व्यापारी वाऱ्याबरोबर मोंबासाला माल उतरवत आले. युगांडा, रवांडाला समुद्र नाही, म्हणून त्यांची चहा-कॉफी आजही तिथूनच जहाजावर चढते.

लग्नाला आठवडा उरला होता. नवरदेवाला चौकशीला आणलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि टेबलावर नवरीकडून मागवलेलं कापड पसरलं.

"तुमच्या बंदरातून काय काय जातं हो?"

"सगळंच, साहेब. काजू, बदाम, केशर..."

"केशर? वा! बरं, दुसरा तुकडा जिला दिला ती बाहेर बसलीय. बोलावू?"

बाहेर फक्त आमचा हवालदार बसला होता, मिशांना पीळ देत.

नवरदेवाचा रंग उडाला. "वेरूळहून इथं आली? तिला सांगितलं कुणी?"

वेरूळचं नाव मी काढलंच नव्हतं!

तिथं त्याची लग्नाची बायको निघाली. दुसरा तुकडा तिच्या पेटीतून पंचांसमक्ष जप्त केला. कापड मुंबईत घेतलेलं; मोंबासा त्यानं नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता फिर्याद हवी होती. नवरीचे वडील हात जोडून उभे. "साहेब, पत्रिका वाटल्यात. तो काडीमोड घेतो म्हणतोय. मिटवून टाका."

मुलगी पुढं आली. "आबा, खोटा तो निघाला. मान मी कामून खाली घालू? साहेब, लिहा. फिर्याद मी देते."

आरोपीला बोलतं करायला एक थाप पुरते, हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण चार लोकांना भ्यालेल्या बापासमोर उभं राहून बोलायला जी छाती लागते, ती वर्दीनं येत नाही. ते मी त्या दिवशी शिकलो.