गाववरची बिंदी

कामगाराचा कागद वेळेवर सापडला नाही, तर सजा कागद ठेवणाऱ्याला होते का कधी?

त्या दुपारी अडीच वाजले होते. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या कामगार मदत केंद्रात, माझ्यासमोर बीरगावची एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचा हात प्रेस मशीनमध्ये गेला होता, आणि ठेकेदार म्हणत होता की तो त्या दिवशी ड्युटीवरच नव्हता. हजेरीच्या पानाचा फोटो आणि दोन साथीदारांचे जबाब आमच्या शेअर्ड ड्राइव्हवर होते. चार वाजता लेबर ऑफिसात सुनावणी, शेवटची. आणि जुना कॉम्प्युटर सकाळीच बंद पडलेला.

मी नवा जोडत होते. ड्राइव्हला झेड अक्षर दिलं, खाली रस्ता टाइप केला: दोन तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, पुन्हा रेघ, फोल्डरचं नाव. उत्तर आलं, रस्ता सापडला नाही. केबल काढून लावली. पासवर्ड तपासला. तेच. ही सगळी व्यवस्था लावणारे भैया प्रवासात, फोन बंद.

"मिलही न दीदी?" सापडेल ना, बाईने छत्तीसगढीत विचारलं.

"हव," हो, मी म्हटलं. खोटं बोलले.

पाचव्यांदा तेच उत्तर आलं, तेव्हा आमचे टायपिस्ट काका खुर्ची सरकवत आले. जन्म रायपूरचा, शाळा हिंदी, बोली नागपूरची.

"काय करून राहिली वं पोट्टी? अर्धा घंटा झाला."

"बरोबर लिहिलंय काका! बीरगाव."

ते स्क्रीनवर वाकले आणि हसलेच. "बिंदी कुठं हाय? बिनबिंदीचं गाव तुह्या महाराष्ट्रात. इथं गांवले बिंदी लागते!"

मी संघटनेची पत्रकं वाचून अक्षर शिकलेली पोर. बाबा छापायला जाणाऱ्या प्रत्येक पत्रकातला 'गाव'वरचा अनुस्वार लाल पेनाने खोडायचे, आणि मलाही त्याचा अभिमान. फोल्डरचं नाव मात्र हिंदीत होतं. मी टिंब दिलं. ड्राइव्ह उघडली.

प्रिंट काढून बाईला स्कूटरवर बसवलं. चारला सात मिनिटं कमी असताना लेबर ऑफिसातल्या साहेबांनी कागद घेतले, हजेरीचं पान दोनदा पाहिलं, आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "ये तो ड्यूटी पे था." बाई तेव्हा पहिल्यांदा रडली.

मी चिडलेलीच होते. चूक माझी होती, पण एकटीची नव्हती. कागद सगळ्यांचे म्हणायचे आणि त्यांचा रस्ता एकाच माणसाच्या डोक्यात ठेवायचा, ही मालकीच झाली. संघटनेत राहूनही आम्ही ती चालवून घेतली.

म्हणून एक करा. उद्या तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यात नव्या माणसाला ड्राइव्ह स्वतःच्या हाताने जोडायला लावा. तुम्ही माउसला हात लावू नका. तो जिथे अडेल, ते अक्षर त्याच वेळी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.