गायरानावरची वीज

जत तालुक्यातल्या आमच्या गावात बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. हे मुद्दाम सांगते, कारण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मी त्याच हिमतीवर गेले होते, सांगलीच्या विश्रामबागेतून सकाळची पहिली एसटी धरून.

सभेपुढं विषय एकच होता. गायरानावर सौर प्रकल्प करायचा आणि शेतीच्या पंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज द्यायची. त्याच गायरानावर आमची मेंढरं पावसाळाभर चरतात. दिवाळी झाली की माझे वडील, आबा, आणि आमच्या वस्तीवरची सगळी घरं कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. त्या दिवशी आबा तिकडंच, मलकापूरजवळ होते. वस्तीच्या वतीनं सभेला मी एकटी.

प्रकल्पाचा साहेब बोलला चांगलं. कोळशाचा धूर आता जगाला झेपत नाही, हवामानाचे नियम कडक होत चाललेत, राज्याला उन्हाकडं वळावंच लागेल. यातलं एक वाक्य मला खोडता येईना. मी नोकरी करते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मीच हे तावातावानं मांडत असते.

मागून एक निवृत्त फौजी उठले. "आवं सायेब, अणुवीज आणा की! एवढ्याशा जागंत भागतंय."

"तुमच्या परड्यात बशिवतो, काका," कुणीतरी ओरडलं.

"बशिव की. पर म्हशीनं दूध दिलं पायजे."

सभा हसली. हसणं थांबायच्या आत मी उठले. म्हणाले, सौर विजेला माझा विरोध नाही. पण गायरान रिकामं पडलेलं नाही, ते चार महिने आमचं चरायचं रान आहे. ज्यांचं आहे ती माणसं बाहेरगावी आहेत. जूनपर्यंत थांबा, त्यांच्यासमोर ठरवा.

समोर माझा चुलतभाऊ बसला होता. मेंढरं सोडून तो गावात राहायला गेलाय, त्याची डाळिंबाची बाग आहे.

"आक्का, तवर रातचं पाणी पाजायला तू येतीस का? आमच्या शेजाऱ्याला साप चावला, त्योबी रातचं मोटारीपाशीच. लय बोलतीस, ह्याचंबी बोल की."

तो शेजारी मला माहीत होता. मी खाली बसले.

सरपंचांनी ठराव मताला टाकला. विरोधात माझा एकच हात वर. ग्रामसेवक जरा ओशाळून म्हणाले, "ताई, लग्नानंतर मतदारयादीतलं तुमचं नाव सांगलीला गेलंय. तुमचा हात मोजणीत धरता येत नाही."

मी हात खाली घेतला. ठराव एकमतानं झाला असं त्यांनी वाचून दाखवलं. फौजींनीसुद्धा बाजूनं हात वर केला होता.

एसटीच्या थांब्यावरून आबांना फोन लावला.

"काय झालं गं?"

"झाला ठराव."

"आपल्यातलं कोन न्हवतंच व्हय?"

"मी होते की."

"बोललीस का?"

"बोलले. ऐकलं सगळ्यांनी."

त्यांच्या मागं मेंढरं ओरडत होती. मग म्हणाले, "कोळसा वाईट, असं तूच म्हंतीस न्हवं?"

"वाईटच आहे, आबा."

"मग त्येबी खरंच असंल." कुणाला तरी त्यांनी कुत्रं आवरायला सांगितलं. "बरं, मिरगाला येतू आमी माघारी."

कळप आणून सोडायचा कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही तो विषय काढवला नाही. मी नुसतं "या" म्हणाले.