साडूंचं पुण्यातलं बिऱ्हाड

सोपं काम अवघड करून दाखवावं तर ते आमच्या साडूंनीच. ह्या बाबतीत अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, ते यजमान. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतात, जुळे सोलापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि माणूस इतका सज्जन की धड चिडताही येत नाही. माझा खरा वैताग तोच आहे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा. साडूंना सर्व्हरचा. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा दांडगा कॉम्प्युटर. तो बँकांकडे असतो, मोठमोठ्या कंपन्यांकडे असतो. "मग आपल्याकडे का नको?" असं साडू विचारतात. आता ह्यावर माणसानं काय बोलावं?

कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली ती मशीन पहिल्यांदा त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी होती. तिचे पंखे असे घोंघावायचे की आक्कांना मालिकेतली रडारड ऐकू यायची नाही. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा! घरातली माणसं घामानं निथळत बसलेली आणि कूलर मशीनच्या तोंडासमोर. दुपारी लाईट गेली की साडू आयटीआयमधून स्कूटर दामटत घरी यायचे, तिला पुठ्ठ्यानं वारा घालायला. शेवटी आक्का म्हणाल्या, "ही तरी राहील, नाहीतर मी तरी." तर ह्या गृहस्थांनी विचार करायला दोन दिवस मागितले! आणि विचार करून काय केलं, तर मशीनला पुण्यात बिऱ्हाड करून दिलं. तिथं म्हणे डेटा सेंटर असतं. लोखंडी कपाटातला एक खण भाड्यानं मिळतो. वीज त्यांची, गारवा त्यांचा, इंटरनेट त्यांचं, मशीन मात्र आपली. साडू ती सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन पुण्याला गेले. गाडी अर्थातच मी चालवत होतो.

बरं, एवढ्या खटाटोपातून ती मशीन करते काय? तर आमच्या सासूबाईंचं अंगण दाखवते. सासूबाई वैरागला एकट्या राहतात. घर सोडून मुलींकडे यायला ठाम नकार, आणि इकडे दोघी बहिणींच्या जिवाला घोर. तेव्हा साडूंनी तोड काढली: अंगणात एक कॅमेरा बसवायचा, सासूबाईंनी रोज सकाळी त्यात दिसायचं, आणि दिसल्या तर खुशाल तिथंच राहायचं. तोड चांगली होती, नाही असं नाही. पण असले कॅमेरे बाजारात तयार मिळतात हो! लावला की मोबाईलवर दिसायला लागतं. तसं म्हटलं, तर साडू माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की जणू मी सासूबाईंना विकायला काढलंय. "आपल्या आईंचं अंगण परक्या कंपनीच्या मशीनमध्ये ठेवायचं? काय बोलताय की तुम्ही!"

सासूबाई त्यांच्यापुढं दोन पावलं. "मी अंगणात कशीबी बसती. ते जातंय कुटं, ते मला आदी दावा," म्हणाल्या. झालं! तिघंजण निघालो पुण्याला. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळीकडे सासूबाईंनी चहा घेतला. डेटा सेंटरच्या दारात त्यांचं आधार कार्ड बघितलं, फोटो काढला, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला घातला. आतल्या गारठ्यात त्यांनी पदर घट्ट लपेटला आणि म्हणाल्या, "लई गार हाय की. भाजी ठेवली तर आठवडाभर टिकंल." मग साडूंनी खण उघडून मशीन दाखवली. सासूबाईंनी चोळीतून कुंकवाची पुडी काढली, तसा तिथला इंजिनिअर धावलाच. "आजी, इथं पावडर-बिवडर चालत नाही हो!" सासूबाईंनी पुडी आत ठेवली, आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं, "मी अंगणात बसल्यावर तुला दिसती का रं?" तो म्हणाला, "नाही आजी, इथं आम्हाला कुणाचंच काही दिसत नाही." त्यावर सासूबाई साडूंकडे वळल्या. "मग ह्यो पगार कशाचा घेतो?" परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी कॅमेऱ्याला परवानगी दिली.

तेव्हापासून माझे रविवार गेले. साडू घरी बसून, इंटरनेटवरून, मशीनला चोरांपासून वाचवायला पासवर्डची नवीन नवीन कुलपं घालतात, आणि त्या कुलपांत हमखास स्वतःच बाहेर अडकतात. आपणच दाराला कुलूप लावायचं, किल्ली आत टाकायची आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना उठवायचं, असला प्रकार! तिथल्या माणसांना फोन केला तर ती जुळवून देतात, पण साडूंना ते चालत नाही. "परक्याचा हात कशाला?" की निघाली आमची गाडी. इकडे दोघी बहिणींना अंगण दिसत नाही म्हणून त्या वैरागला फोनवर फोन करणार, आणि सासूबाई वैतागून सांगणार, "अगं, मी जित्ती हाय. तुमच्या त्या पुण्यातल्या डब्याला काय झालंय ते बगा!" साडू रिकाम्या हातानं कधी जात नाहीत. वॉचमनला कडक भाकरी, इंजिनिअरला शेंगांची चटणी. एका खंडेनवमीला झेंडूचा हार आणि नारळ घेऊन गेले. आत सोडेनात, तर बाहेरच्या जनरेटरची पूजा करून आले. वॉचमननं आरती म्हटली, आणि प्रसाद मलाही खावा लागला.

यंदा गौरी झाल्या आणि त्यानंतर एका सकाळी सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या. माझी बायको चहा पिता पिता मोबाईलवर बघतच होती. तिनं किंचाळतच शेजारणीला फोन लावला. माणसं धावली म्हणून वेळेवर दवाखान्यात नेता आलं. त्या दिवशी मशीन चालू होती, ह्याबद्दल मी देवाचे आणि नाइलाजानं साडूंचेही आभार मानतो. पण खुबा मोडला तो मोडलाच. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता ह्यांनी एकटं राहायचं नाही. सासूबाई आमच्याकडे आल्या. कुठं कुरकुर नाही, तक्रार नाही, आणि तेच आम्हा सगळ्यांना खात होतं. मी साडूंना म्हटलं, "आता तरी आणा ते बिऱ्हाड परत. अंगणात बघायला आहे कोण?" ते नुसतं "बघू" म्हणाले. इतकं कमी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परवा साडू सकाळीच आमच्याकडे आले होते. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "जावईबापू, माजं अंगण दावा की." साडूंनी मोबाईल त्यांच्या हातात दिला. सासूबाईंनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. एकदम ओरडल्या, "आं! शेजारणीनं शेळी बांदली बग माज्या तुळशीजवळ! ए, सोड की तिला!" आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. मग बराच वेळ बघत राहिल्या. पायरी बघितली, नळ बघितला, दोरीवर राहिलेलं त्यांचं लुगडं बघितलं. म्हणाल्या, "सगळं हाय की जितल्या तितं. मीच तेवढी न्हाय."

साडूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. इतकी वर्षं ज्या मशीनच्या नावानं मी बोटं मोडली, तिला निदान सासूबाई आहेत तोवर काही होऊ नये, एवढंच वाटत होतं. मी साडूंना म्हटलं, "पुण्याला कधी जायचं ते सांगा. गाडी मी काढतो."