सोवळ्याखालचा पट्टा

जी गोष्ट मी देवीपुढेही शब्दांत मांडली नाही, ती आज तुम्हांला सांगायला बसलो आहे. देवीपुढे मांडण्याची गरज नव्हती म्हणा — ती तिच्या समोरच घडली. माणसांपुढे मात्र मांडायला हवी होती, आणि ती मांडली नाही. का नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याचाच वीट आला आहे.

पाठीपासून सुरुवात करतो. कळंबच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. घरी पहाटे पूजा, सायंकाळी पाठ — सगळे मांडी घालून, ताठ बसून. निवृत्तीच्या सुमारास कंबरेने असहकार पुकारला. उठताना कळ, वाकताना कळ; नमस्कार घालायला खाली गेलो की वर येण्यासाठी देव्हाऱ्याचा खांब धरावा लागे. औषधे झाली, शेक झाले, तेले झाली —

पाहा. पुन्हा माझीच पाठ. सांगायचे आहे ते दुसऱ्याच पाठीविषयी, आणि मी दर वेळी स्वतःच्या दुखण्याच्या आडोशाला जाऊन बसतो.

माझ्या पत्नीची कंबर माझ्या कितीतरी आधीपासून दुखत असे. घरात सगळे तिला माई म्हणतात. आडाचे पाणी ओढण्यापासून पाट्यावर पुरण वाटण्यापर्यंत सगळे तिने त्याच कंबरेवर केले. शेवटी बार्शीच्या डॉक्टरांनी तिला पट्टा दिला — रुंद, रबरी कापडाचा, मागे पोलादाच्या पट्ट्या शिवलेला, पुढे चिकटवायचा. तो बांधून ती पहिल्यांदा अंगणात आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची आठी गेलेली मी पाहिली. "अहो, कुणीतरी मागून हात लावून धरलंय असं वाटतं," ती म्हणाली. हे वाक्य मी ऐकले होते. पुढे जे केले, ते हे वाक्य ऐकल्यावर केले.

आमच्याकडे नवरात्रात नऊही दिवस सोवळ्यात स्वयंपाक असतो. स्नान करायचे, वलणीवर निराळे वाळत घातलेले वस्त्र नेसायचे, मग नैवेद्य होईपर्यंत कुणाला शिवायचे नाही. शिवलेला कपडा त्यात चालत नाही. गावात आमच्या सोवळ्याचा लौकिक होता. आणि त्या लौकिकाची मला — काय शब्द वापरू? — चटक होती.

घटस्थापनेच्या सकाळी माई लुगड्याखाली पट्टा बांधून स्वयंपाकघरात जाऊ लागली. माझी थोरली बहीण, आक्का, नवरात्रासाठी तुळजापूरहून आली होती. तिने नुसते विचारले, "हे कमरेला काय गं?" आणि माझ्याकडे पाहिले. माईनेही पाहिले. सून मनीषा दारात उभी होती. तीही पाहू लागली.

आजाऱ्याला नियमांत सवलत असते. हे मी वर्गात शिकवले होते, लोकांना सल्ला म्हणून दिले होते. त्या सकाळी मात्र मी म्हणालो, "शिवलेली, रबराची वस्तू सोवळ्यात चालत नाही." माईने वाद घातला नाही. आत जाऊन पट्टा सोडला, आतल्या खोलीतल्या खुंटीला टांगला आणि कणीक तिंबायला जमिनीवर बसली.

इथपर्यंतचे मी कुणालाही सांगू शकलो असतो. कर्मठपणा म्हणून लोकांनी त्याची स्तुतीही केली असती.

नवरात्रात पाठ सकाळीच, नैवेद्याआधी असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठाला बसण्यापूर्वी माझी कळ असह्य झाली. कद, म्हणजे पूजेचे रेशमी धोतर, नेसायला आतल्या खोलीत गेलो, तर खुंटीला पट्टा. आम्ही दोघेही सडपातळ. मी तो बांधला, कद जरा वर नेसलो, वरून उपरणे गुंडाळले आणि देवीपुढे जाऊन बसलो. माईला नाकारलेला पट्टा. तिचा पट्टा. सोवळ्याखाली.

दर्शनाला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, या वयात काय ताठ बैठक आहे हो तुमची! लई साधना पाहिजे याला." मी डोळे मिटून हसलो. तुम्हीच सांगा, त्या हसण्याला काय नाव द्यावे?

मग ते रोजचेच झाले. तो पट्टा सोडताना मोठा चर्र आवाज होतो, म्हणून पाठ संपला की मी एका हाताने घंटा वाजवी आणि दुसऱ्या हाताने पट्टा उकली. मग तो उपरण्यात गुंडाळून, नैवेद्याची गडबड चालू असताना खुंटीला परत. दुपारी सोवळे उतरवून माई तो बांधत असे. एकदा म्हणाली, "पट्टा ओलसर का लागतोय?" मी म्हणालो, "हवाच दमट आहे." दुष्काळी मुलखात, आश्विनातल्या कोरड्या उन्हात — दमट हवा! तिने मान हलवली. तिला माझे म्हणणे पटत असे, हीच तर अडचण होती.

अष्टमीला आमच्याकडे पुरणावरणाचा नैवेद्य आणि पुरणाच्याच दिव्यांची आरती असते. माई पुरणाचे पातेले उचलायला वाकली आणि तशीच राहिली. ओरडली नाही; फक्त "आई गं" म्हणाली आणि एका कुशीवर पडली. देव्हाऱ्यासमोरून स्वयंपाकघराचे दार सरळ दिसते. मला तिचे पाय दिसत होते.

आणि आक्का — जिच्या नजरेला भिऊन मी तो निर्णय दिला होता, ती आक्का — म्हणाली, "मरू दे ते सोवळं. मनीषा, पट्टा आण आधी."

मनीषा धावली. खुंटी रिकामी. तिने गादी उचलली, ट्रंक सरकवली, दोरीवरचे कपडे खाली ओढले. "इथंच होता हो आक्का, मीच टांगला काल."

"टांगला तर गेला कुठं? पाय फुटले का त्याला? येवढी वस्तू सांभाळता येत न्हाय तुला."

"अण्णा, तुम्ही पाह्यला का?" मनीषाने दारातून मला विचारले.

पाठ चालू असता आसनावरून उठायचे नाही, मध्ये बोलायचे नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. मी त्या दंडकाच्या मागे लपलो. नकारार्थी मान हलवली आणि आवाज चढवून पुढचा श्लोक म्हटला. पोलादाच्या पट्ट्या माझ्या पाठीला घट्ट टेकल्या होत्या — कुणीतरी मागून हात लावून धरावे तशा. तिकडे आक्काने जुने धोतर पिळून माईच्या कमरेला आवळले. माई कण्हत होती. मी एकही अक्षर गाळले नाही. उच्चारही चुकला नाही.

जे सांगायला मला इतकी वळणे घ्यावी लागली, ते हे.

मी उठू शकत होतो. दोन पावलांवर दार होते. "माझ्याजवळ आहे" — तीन शब्दही नाहीत. आयुष्यभर शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या माणसाला एवढे म्हणता आले नाही.

पाठ संपल्यावर मी घंटा वाजवली — जरा जास्तच वेळ — आणि पट्टा ट्रंकेच्या मागे टाकला. सायंकाळी तो मनीषालाच सापडला. तिथे तिने आधी पाहिले होते, तिला पक्के आठवत होते. पण वस्तू तर समोर होती. तिने माईचे पाय धरले. "माझ्याच हातून पडला असंल," म्हणाली. माईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी शेजारी बसून माईला अंगारा लावत होतो.

माई त्यानंतर जमिनीवर बसू शकली नाही. नैवेद्याचा स्वयंपाक तिच्या हातून गेला. तो तिला किती प्रिय होता, हे मी सांगू लागलो तर ते माझ्या तोंडी शोभणार नाही. त्या दिवशी पट्टा असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांना कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

आणि मनीषा? घरात काही सापडेनासे झाले की तिचे नाव निघते. किल्ली, कात्री, चष्मा — "सूनबाईंनी ठेवलं असंल ट्रंकेमागं." सगळे हसतात, तीही हसते. आता तर कुणी बोलण्याआधी तीच म्हणते. ईट गावाकडच्या शेतकरी घरातली चोख पोरगी. तिच्या माहेरी तिने दाणा कधी सांडला नसेल. इतकी वर्षे ती स्वतःला वेंधळी समजत आली आहे, आणि त्या विनोदाला मीही हसत आलो आहे. कधी कधी तो मीच केला आहे.

सांगायचे अनेकदा ठरवले. दर वेळी काही ना काही आड आले — पाहुणे, आजारपण, एकादशी. मला माझा संताप येतो, तो या सबबींचा येतो. त्या इतक्या क्षुद्र होत्या.

गेल्या पंधरवड्यात मनीषा माझ्यासमोर येऊन बसली. तिचीही कंबर आता धरू लागली आहे. "अण्णा, एक विचारायचं होतं. नवरात्राचा स्वयंपाक माझ्याकडंच असतो. सोवळ्यात पट्टा चालतो का?"

"चालतो," मी म्हणालो.

ती निवांत झाली. मग सहज, पिठाचा भाव विचारावा तसे तिने विचारले, "मग माईंना का चालला नव्हता?"

याहून चांगली संधी मला कोण देणार होते? समोर ती होती. आत माई शेंगा सोलत होती. आमचे बोलणे तिला ऐकू जात होते. मी म्हणालो, "तेव्हा मला शास्त्र नीट ठाऊक नव्हतं."

"बरं झालं विचारलं," असे म्हणून ती आत गेली. तिचा आवाज मला ऐकू आला — "माई, अण्णांना तेव्हा ठाऊकच नव्हतं हो."

"असंल," माई म्हणाली.

शास्त्र मला तेव्हाही ठाऊक होते.